कथेचाही कागद व्हावा

चांदवडच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी कथा लिहिते हे गिऱ्हाइकांना हळूहळू कळत गेलं, आणि कळल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, एका गोष्टीचे किती भेटतात?" नाशिक-पुण्याच्या साहित्यिक कार्यक्रमांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. तिथे प्रेरणेबद्दल विचारतात, ग्रामीण साहित्याच्या भवितव्याबद्दल विचारतात. वडाळीभोईहून फेरफाराच्या कामाला आलेला माणूस सरळ दामावर येतो, कारण ज्यात माणसाचे दिवस जातात त्याला काहीतरी भाव असणार, हे तो धरूनच चालतो. मला त्याच्या प्रश्नाचा आदर वाटतो. माझं लिहिणं हे काम आहे, असं त्यानं मानलेलं असतं.

उत्तर असं आहे. काही दिवाळी अंक ठरलेलं मानधन देतात आणि दिवाळीनंतर ते खात्यावर जमा होतं. काही अंक नुसती एक प्रत पाठवतात. काही तीही पाठवत नाहीत. आपली कथा छापून आल्याचं दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कळतं. कथासंग्रह काढायचा म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी पहिली गोष्ट पैशांची निघते, आणि ते पैसे लेखकानं द्यायचे असतात. एका प्रकाशकानं माझ्याकडे छपाईचा निम्मा खर्च मागितला, वर शंभर प्रती विकत घ्यायला सांगितल्या, आणि हे सगळं फोनवर. मी म्हटलं, एका कागदावर लिहून द्या. त्यांचा आवाज बदलला. "आपल्यात कागद कशाला ताई, आपण साहित्यातली माणसं."

दुकान उघडं असेपर्यंत मी कागदांतच उभी असते. सातबारा, आठ-अ, वारस नोंदीचा अर्ज, बोजा उतरवल्याचा दाखला, कांदा अनुदानाचा फॉर्म, प्रतिज्ञापत्र. सख्खे भाऊ बांधावरच्या आंब्यासाठी स्टॅम्पपेपर करतात आणि दोघंही आपापली प्रत नीट घडी घालून नेतात. जमिनीचा लहानसा तुकडा इकडचा तिकडे झाला तरी साक्षीदार लागतात, फोटो लागतो, अंगठा लागतो. आणि जी कथा लिहायला वर्ष जातं ती व्हॉट्सअ‍ॅपवर "पाठवून द्या" एवढ्या दोन शब्दांवर हातची जाते. मला म्हणायचं आहे ते एवढंच : मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्याच्या कामाचा कागद व्हावा, त्यावर दाम, मुदत आणि हक्क लिहिलेले असावेत, आणि छापण्याआधी त्या कामाला संपादकाचा हात लागावा. पण ते काम असतं कसं, हे आधी सांगायला हवं. ते कुणाला दिसत नाही, म्हणूनच त्याचा भाव होत नाही.

'इतर हक्क' नावाची माझी एक कथा आहे. सातबाऱ्यावर त्या नावाचा रकाना असतो. बाप गेल्यावर वारस लागतात, तेव्हा पुष्कळदा भावांची नावं मालक म्हणून चढतात आणि बहिणींची त्या रकान्यात जातात. मग एक दिवस भाऊ बहिणींना घेऊन हक्कसोडपत्र करायला तालुक्याला येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राच्या कायद्यानं १९९४ मध्ये दिला, देशाच्या कायद्यानं २००५ मध्ये. त्या वाट्याचं पुढे काय होतं, ते माझ्या काउंटरवरून दिसतं. बहिणी ठेवणीतली साडी नेसून आलेल्या असतात. आधार कार्डाच्या झेरॉक्स होतात, फोटो होतात, सह्या होतात. भाऊ सगळ्यांना हॉटेलात जेवू घालतो, रेणुकामातेच्या दर्शनाला नेतो, आणि संध्याकाळच्या एसटीनं त्या सासरी परततात. रडारड नाही, भांडण नाही. माहेर टिकावं म्हणून त्या किंमत मोजतात आणि मोजताना हसत असतात.

मी ही कथा लिहायला घेतली तेव्हा पहिल्या खर्ड्यात धाकटी बहीण सही करताना रडली. दुसऱ्या खर्ड्यात तिनं सहीला नकार दिला आणि भावाला चार शब्द सुनावले. वाचताना दोन्ही वेळा जाणवत होतं की ही बाई कधी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिलेली नाही. रडणारी बहीण आणि बंड करणारी बहीण या दोघी मराठी कथेत फार दिवसांपासून राहतात. हाक मारली की लगेच येतात. तिसरी कुणी यायची तर वाट बघावी लागते, आणि वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. त्या काळात मी तिच्या आजूबाजूचं सगळं बांधत होते. थोरलीचं सासर मनमाडला रेल्वेच्या नोकरदार घरात दिलं, म्हणजे 'तुला काय कमी आहे' असं भावाला म्हणता यावं. धाकटी राहुड घाटापलीकडच्या कोरडवाहू गावात दिली. भाऊ वाईट ठेवायचा नव्हता. भाऊ वाईट असला की वाचकाची सुटका होते, सगळं त्याच्यावर टाकून तो मोकळा होतो. म्हणून त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज ठेवलं, गारपिटीत गेलेली द्राक्षबाग ठेवली, आणि बहिणींवर त्याचा खरोखर जीव आहे हे दाखवणारा एक प्रसंग लिहिला. माणसं उभी राहिली, तरी कथा पुढे सरकेना.

तशीच ती एका लहान नियतकालिकाकडे पाठवली. संपादक निवृत्त शिक्षक होते. महिनाभरानं पाकीट परत आलं, आत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली पानं आणि एक पत्र. पत्रात नुसते प्रश्न होते. भाऊ मोटारसायकलवर आला तर बहिणी कशानं आल्या? जेवणाचे पैसे कुणी दिले हे थोरलीनं पाहिलं का? आणि खाली एक ओळ : "धाकटी तो कागद वाचते का?"

वाचते. सातवी शिकलेली आहे, आणि हे भाऊ विसरून गेला आहे. प्रश्न समोर आला आणि पुढचं सगळं मला दिसायला लागलं. कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या ती मसुदा पहिल्यापासून वाचते, चतुःसीमेसकट. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा. त्या ओढ्यात तिनं लहानपणी म्हशी धुतलेल्या असतात. वाचून होईपर्यंत सगळे खोळंबतात आणि कुणाला काही बोलता येत नाही. मग ती सही करते. झेरॉक्सच्या दुकानात आल्यावर म्हणते, "मला एक प्रत काढून द्या." भाऊ विचारतो, तुला कशाला? ती म्हणते, "राहू द्या माझ्यापाशी." तिनं काय दिलं हे तिला अक्षरन् अक्षर ठाऊक आहे आणि त्याचा पुरावा तिच्या पेटीत जातो. ही जागा संपादकांनी मला सांगितली नाही. मी कुठे न बघता पुढे निघून गेले होते, एवढंच त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

संपादन म्हणतात ते हे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं हा त्याचा सर्वांत सोपा भाग. मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे. १९३३ मध्ये निघालेलं आणि १९८२ मध्ये बंद पडलेलं 'सत्यकथा' मासिक ज्यांनी वाचलं त्यांना श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही नावं सांगायला नकोत. कथा परत पाठवायची, सोबत सविस्तर पत्र लिहायचं, लेखकाला पुन्हा लिहायला लावायचं, पुन्हा वाचायचं, हा त्यांचा रिवाज होता. नावाजलेल्या लेखकांच्या कथांनाही ती चाळण चुकत नसे. त्या अंकाचा दरवाजा अरुंद होता, हेही खरं. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी त्याची जाहीर होळी केली, राजा ढाले यांनी त्याच्यावर घणाघाती लेख लिहिला, आणि त्या रागाला कारण होतं. मराठी कथेची वस्ती तोवर पार बदलली होती. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, आणि त्यातली माणसं पांढरपेशा दिवाणखान्यात मावणारी नव्हती. त्या दरवाजाची रुंदी बदलायला हवी होती, ती पुढे अनेकांनी मिळून बदलली. मात्र दरवाजाबरोबर आतलं वाचनाचं टेबलही गेलं, आणि त्याचं दुःख करणारं मला फारसं कुणी भेटत नाही.

आज दिवाळी अंकाचा संपादक जुलैपासून जाहिरातींच्या मागे धावत असतो. मुखपृष्ठ, कागदाचा भाव, छापखाना, टपाल, सगळं त्याच्याच अंगावर. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी मराठी कथेला जगवलं आहे. इतकी वर्षं दर दिवाळीला एवढी नवी कथा घरोघर पोचवणारी ही रीत मोठ्या अभिमानाची आहे. म्हणून मी त्या संपादकांना दोष देत नाही. पण त्यांच्याकडे आलेली कथा जशी येते तशी छापली जाते आणि लेखकाला वाटतं आपण चांगलं लिहिलं. पाच-सहा वर्षं असंच छापून येत राहिलं की हात तयार व्हायचा राहून जातो. मी तालुक्यातल्या लिहित्या मुलामुलींच्या कथा वाचते, तेव्हा हे दर वेळी दिसतं. चांदवड कॉलेजातली एखादी मुलगी टँकरच्या रांगेवर असं काही लिहिते की अंगावर काटा येतो, आणि चौथ्या पानावर ती कथा सोडून उपदेश सुरू करते. तिला कुणी पेन्सिलीनं एक रेघ मारून दाखवली, तर ती पुढच्या कथेत तो उपदेश लिहिणार नाही. पण रेघ मारणाऱ्याला वेळ हवा, आणि त्याचाही पगार हवा.

संपादकाचा हात जास्तही चालतो, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतला कथाकार रेमंड कार्व्हर याच्या कथा त्याच्या संपादकानं इतक्या छाटल्या की मूळ लेखन पुढे २००९ मध्ये वेगळं छापावं लागलं. तेव्हा शेवटचा शब्द लेखकाचाच असावा. माझ्या त्या संपादकांनी तो मलाच ठेवला होता.

आता वेळेबद्दल. मराठी कथा-कादंबरी बहुतांश दुसरी नोकरी करणाऱ्या माणसांनी लिहिली आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, कानडी गावात, कॉलेजात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत राहिले. रा. रं. बोराडे वैजापूरच्या कॉलेजचे प्राचार्य होते. रंगनाथ पठारे इथून जवळच संगमनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि 'ताम्रपट'सारखी अवाढव्य कादंबरी त्यांनी त्यातच लिहिली. 'आलोक'साठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले आसाराम लोमटे परभणीचे पत्रकार. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या मागे महिन्याचा पगार होता आणि बहुतेकांच्या घरी चूल दुसरं कुणीतरी सांभाळत होतं, हेही त्याच आदरानं नोंदवलं पाहिजे. कॅनडातल्या लहान गावांवर आयुष्यभर कथा लिहिणाऱ्या अ‍ॅलिस मन्रो यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. मुली दुपारी झोपल्या की तेवढ्यात लिहायचं, असे त्यांचे सुरुवातीचे दिवस गेले. हे वाचून मला पहाटेचा गजर लावायला बळ येतं. दुकान उघडायच्या आधीचे दोन तास माझे असतात. दुपारी वीज गेली आणि मशीन बंद पडलं की काउंटरवर वही उघडते, पण त्या वेळेत नवं लिहून होत नाही, आधीचं वाचून खोडता येतं. खोडायला तुटक वेळ चालतो. नव्या प्रसंगाला सलग वेळ लागतो, आणि सलग वेळ विकत घ्यावा लागतो : दुकानात मदतीला मुलगी ठेवून, घरातलं एखादं काम दुसऱ्याला पैसे देऊन.

नोकरी सोडून निव्वळ लेखणीवर जगायला निघालं की काय होतं, ते उद्धव शेळके यांच्या आयुष्यात दिसतं. १९६० ची त्यांची 'धग' ही वऱ्हाडातल्या शिंपी घरातल्या कौतिकची कादंबरी, आणि मराठीत एका बाईच्या कष्टांवर इतकं खणखणीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. पुढे त्यांनी लेखनावरच संसार चालवायचं ठरवलं. मग मागणी असेल तसं, सपाट्यानं, एकामागून एक पुस्तकं लिहावी लागली. त्यातली बहुतेक आज कुणाच्या लक्षात नाहीत. 'धग' लिहिणाऱ्या हाताला दुसरी 'धग' लिहिण्याइतकी उसंत आपण मराठी वाचकांनी दिली नाही. मला हे फार लागतं.

ती मागणी माझ्याही दारात आली. अहिल्याबाई होळकरांचं त्रिशताब्दी वर्ष होतं. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. "तुम्ही चांदवडच्याच, रंगमहाल तुमच्या गावात, सहा महिन्यांत कादंबरी द्या, हातोहात जाईल," असा निरोप एका प्रकाशनाकडून आला. मी नाही म्हटलं. अहिल्याबाईंबद्दल चांदवडच्या माणसाला काय वाटतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. आमच्या रेणुकामातेच्या देवळापासून रंगमहालाच्या लाकडी खांबांपर्यंत त्यांचा हात आहे. पण त्यांच्यावर कादंबरी लिहायची तर मोडी कागद वाचता यायला हवेत, होळकरशाहीचा हिशेब कळायला हवा, चांदवडच्या टांकसाळीत रुपया कसा पडत होता ते समजायला हवं. त्याला वर्षं लागतील. सहा महिन्यांत फक्त त्यांचं नाव वापरता येईल, आणि ते मला करायचं नाही.

मी लिहिते आहे ते वेगळं आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला याच चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. मी शाळेत होते. लाखांनी बाया आल्या होत्या. ट्रकनं, बैलगाडीनं, चालत, भाकरी बांधून. पुढे त्याच विचारातून लक्ष्मीमुक्ती आली आणि शेकडो गावांत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. तेव्हाची भाषणं 'चांदवडची शिदोरी'सारख्या पुस्तिकेतून वाचता येतात. मला लिहायची आहे ती दोन दिवसांनी घरी परतलेली एक बाई. तिच्या घराचं दार कुणी उघडलं, चूल पेटलेली होती का, आणि रात्री नवरा काय बोलला. त्याच चांदवडात आज मी हक्कसोडपत्रांच्या झेरॉक्स काढते. या दोन गोष्टींच्या मध्ये किती घरं आहेत, त्यांतल्या एका घरात जायला मला कादंबरी लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण गिऱ्हाइकांना ती कळायला हवी. दुकानात आलेल्या कागदावरचं मी कधीही कथेत वापरत नाही. माणूस माझ्या हाती कागद देतो तो प्रत काढायला. मी वापरते ते रस्त्यावरून कुणालाही दिसतं तेवढं, आणि बाकीचं माझं मी रचते. प्रत मागणारी ती धाकटी बहीण मला कधी भेटलेली नाही. तरी कथा छापून आल्यावर निरनिराळ्या गावांतल्या लोकांनी ती आपल्याच घरातली असल्याचं मला सांगितलं. लहान गावात राहून लिहिणाऱ्याला ही शिस्त पाळावीच लागते. मालतीबाई बेडेकरांना १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' छापताना विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावं लागलं, आणि तरीही केवढं वादळ उठलं. अशा लेखनाची जोखीम लेखकाच्या घरापर्यंत येते. ती जोखीमही त्याच्या कामाचा भाग आहे, आणि दामात ती धरली गेली पाहिजे.

कागदाचं मी म्हणते ते काही जगावेगळं नाही. दुकानात येणाऱ्या एका वकीलताईंनी मला १९५७ चा कॉपीराइट कायदा समजावून सांगितला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण कागद तर कायद्यानंच मागितला आहे. लेखकानं सही करून लिहून दिल्याशिवाय त्याचे हक्क दुसऱ्याकडे जातच नाहीत. लिहून देताना मुदत घातली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश घातला नसेल, तर भारतापुरताच धरला जातो. लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हे हक्क वारसांचे असतात. म्हणजे सातबाऱ्यावर वारस लावतात तसे कथेलाही वारस लागतात, आणि आमच्यातल्या किती जणांनी घरात हे सांगून ठेवलं आहे? लेखकाचं निधन झाल्यावर त्याची पुस्तकं कुणाकडे मागायची हेच कळत नाही, म्हणून चांगली पुस्तकं पुन्हा निघत नाहीत.

दुसरी सूचना वाचनालयांबद्दल. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. महाराष्ट्रानं १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अनुदान जातं. आपल्याकडे कथा-कादंबरी मुख्यतः तिथूनच वाचली जाते. एक प्रत शिवण उसवेपर्यंत कित्येक घरांत फिरते आणि लेखकाला मानधन मिळतं ते एका प्रतीवरचं, मिळालं तर. डेन्मार्कनं १९४६ मध्ये वाचनालयातल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी पैसे द्यायला सुरुवात केली. ब्रिटननं १९७९ मध्ये कायदा केला. तिथे वाचकानं पुस्तक नेलं की दर वेळेमागे काही पेन्स, या हिशेबानं लेखकाला दर वर्षी पैसे मिळतात, आणि एका लेखकाला मिळणाऱ्या रकमेवर ६,६०० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे सगळे पैसे आधीच खपणाऱ्यांकडे जाऊ नयेत. महाराष्ट्र शासन नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, राज्य वाङ्मय पुरस्कार देतं, आणि हे चांगलं आहे. त्याला जोडून वाचनालयांच्या अनुदानातला छोटा हिस्सा वाचल्या गेलेल्या पुस्तकांच्या लेखकांना द्यावा. आता देवघेवीची नोंद पुष्कळ वाचनालयांत संगणकावर होते, हिशेब अवघड नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्तानं जे पैसे खर्च होतील त्यात आज लिहिणाऱ्याचा वाटा असावा, असं मला वाटतं.

पैशाचं बोललं की काही ज्येष्ठ नाराज होतात. साहित्याचा बाजार होईल म्हणतात. खानदेशातल्या पारोळ्याला जन्मलेल्या हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं ते विकायचं साप्ताहिक होतं, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्याच साप्ताहिकातून, अंकाअंकानं, वाचकाच्या हातात गेली. पुढच्या आठवड्याची वाट बघणारा वाचक समोर होता म्हणून ती कादंबरी उणी झाली नाही.

वकीलताईंच्या मदतीनं मी एका पानाचा करार तयार केला आहे, सोप्या मराठीत. तालुक्यातल्या लिहिणाऱ्या कुणीही दुकानात येऊन त्याची प्रत घ्यावी. त्यातले रकाने असे : कथेचं नाव, ती कोणत्या अंकात एकदा छापायला दिली, मानधन किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, अंकाच्या प्रती किती, छपाईआधी बदल दाखवायचे की नाही, आणि मुदत. पुस्तकासाठी मुदत तीन वर्षं लिहावी असं माझं मत आहे. वकीलताई पाच म्हणतात, कारण लहान प्रकाशकाचा खर्च निघायला तेवढा काळ लागतो. ऑडिओ पुस्तकाचा रकाना मात्र आम्ही दोघींनी वेगळाच ठेवला. मराठी कथा आता गाडी चालवता चालवता कानांनी ऐकल्या जातात, त्याचे पैसे वेगळे येतात, आणि छापील पुस्तकाच्या करारात 'सर्व हक्क' असे दोन शब्द घालून ते परस्पर जातात. त्या रकान्यात काही ठरलं नसेल तर तो मोकळा सोडू नये. तिथे 'दिलेले नाहीत' असं लिहावं आणि शेजारी सही करावी.